दातांसाठी हाताचा एक्स-रे कशाला? हाडांची वाढ आणि उपचाराची वेळ

प्रश्न : माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. तिचे वरचे दात बरेच पुढे आहेत आणि हनुवटी मागे दबल्यासारखी दिसते. एका ऑर्थोडॉन्टिस्टांनी (दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञांनी) तिच्या चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला, त्यातले मानेचे मणके पाहिले आणि ‘अजून वाढीचा जोर सुरू झालेला नाही, सहा महिन्यांनी या’ असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी हाताच्या पंजाचा एक्स-रे काढायला सांगितला आणि लगेच सुरुवात केली नाही तर वेळ निघून जाईल, असे म्हणाले. तिच्याच वयाच्या मामेबहिणीला तारा लावून वर्ष झाले. मुलीची पाळी अजून सुरू झालेली नाही. थोरला मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याचा खालचा जबडा पुढे आहे आणि त्याला मात्र ‘अठरा-एकोणीसपर्यंत थांबा’ असा सल्ला मिळाला आहे. एकाच घरात एकीला घाई करायला आणि दुसऱ्याला थांबायला कसे सांगतात? दातांसाठी हाताचा एक्स-रे कशाला? आम्ही नेमके कोणाचे ऐकावे? – एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्हाला सर्वांत आधी हवे असलेले उत्तर आधी देते. दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे परस्परविरोधी वाटले तरी दोघेही एकच गोष्ट शोधत आहेत, ती म्हणजे तुमच्या मुलीच्या वाढीचा जोराचा काळ सुरू झाला आहे का, आणि नसेल तर तो किती दूर आहे. पहिल्या डॉक्टरांनी दिलेला थांबण्याचा सल्ला मला पटतो, मात्र या वयाच्या मुलीसाठी सहा महिन्यांचे अंतर मला थोडे जास्त वाटते. तीन ते चार महिन्यांनी तिला पुन्हा दाखवावे आणि मधल्या काळात घरी तिच्या उंचीची नोंद ठेवावी. मानेचे मणके दिसणारा चांगला एक्स-रे हाताशी असताना पंजाचा वेगळा एक्स-रे आज काढण्याची गरज बहुधा नाही. या सल्ल्यामागची कारणे सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला त्यांचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट अशी की, तारांनी दात सरकवण्यासाठी शरीराची वाढ सुरू असावी लागत नाही. दातावर हलका आणि सतत दाब राहिला की त्याच्या एका बाजूचे हाड झिजते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर ही क्रिया बारा वर्षांच्या मुलात होते तशी पन्नाशीच्या माणसातही होते. दात वेडेवाकडे आहेत, दाटीवाटीने आले आहेत किंवा त्यांच्यात फटी आहेत, पण दोन्ही जबड्यांचे एकमेकांशी नाते ठीक आहे, अशा मुलांच्या उपचारात हाडांच्या वाढीचा टप्पा हा मुख्य प्रश्न नसतो. तिथे कायमचे दात पुरेसे आले आहेत का, मूल दात नीट घासते का आणि ते उपचाराला तयार आहे का, एवढेच पाहावे लागते. मामेबहिणीला तारा लागल्या त्या बहुधा अशाच कारणासाठी असाव्यात, म्हणून तिच्याशी तुलना करून तुम्ही अस्वस्थ होऊ नये.

वाढीचा टप्पा महत्त्वाचा ठरतो तो दोष हाडांच्या मांडणीत असेल तेव्हा. खालचा जबडा लहान किंवा मागे असणे, वरचा जबडा मागे राहणे, वरचा जबडा अरुंद असणे किंवा खालचा जबडा प्रमाणाबाहेर वाढणे, हे असे दोष आहेत. यांपैकी काही वाढ चालू असतानाच थोडेफार वळवता येतात, काहींचा उपचार लवकर, वाढीचा जोर येण्याच्या बऱ्याच आधी करावा लागतो, तर काहींसाठी वाढ पूर्ण संपण्याची वाट पाहावी लागते. तुमच्या दोन मुलांना मिळालेले सल्ले वेगळे आहेत ते यामुळेच, आणि म्हणून दोन्ही सल्ले एकाच वेळी बरोबर असू शकतात. तुमच्या मुलीचे वरचे दात पुढे आहेत ते केवळ दातच पुढे झुकल्यामुळे, की खालचा जबडा मागे असल्यामुळे, की दोन्हींमुळे, हे बाजूने काढलेल्या एक्स-रेच्या मोजमापांवरून कळते. हनुवटी मागे दिसते असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे जबड्याचा वाटा असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही हा प्रश्न डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत विचारावा, कारण दोष फक्त दातांचा असेल तर वाढीच्या टप्प्याची ही सगळी चर्चाच बाजूला पडते.

आता वयाविषयी. वयात येताना उंची झपाट्याने वाढण्याचा जो काळ असतो, त्याचा कळस मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. परंतु ही सरासरी आहे, आणि पूर्णपणे निरोगी मुलांमध्येही ती एक-दोन वर्षे अलीकडे किंवा पलीकडे सरकते. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलींपैकी एकीची वाढ जवळजवळ संपलेली आणि दुसरीची अजून सुरूही न झालेली, असे सर्रास दिसते. वजन जास्त असलेल्या मुलांची हाडे वयाच्या मानाने बहुधा पुढे असतात. दीर्घकाळचे कुपोषण, थायरॉइडची कमतरता किंवा बराच काळ चाललेली स्टिरॉइड औषधे यांमुळे ती मागे राहू शकतात. काही घराण्यांत मुले मुळातच उशिरा वयात येतात, आणि तो आजार नसतो. दातांवरूनही नेमका अंदाज बांधता येत नाही, कारण दात येण्याचे वेळापत्रक आणि हाडांच्या वाढीचे वेळापत्रक यांची सांगड फारशी घट्ट नाही. ‘सगळे दुधाचे दात पडले, आता तारा लावून टाका’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, पण जबड्याच्या दोषासाठी तो निकष चालत नाही.

जन्मतारीख पुरेशी नाही म्हणून हाडांचे वय पाहावे लागते, आणि ते पाहण्यासाठी हाताचा पंजा व मनगट ही फार पूर्वीपासून सोयीची जागा मानली गेली आहे. एवढ्याशा चित्रात वाढीची कितीतरी केंद्रे एकदम दिसतात. मनगटातली आठ छोटी हाडे, तळव्याची आणि बोटांची हाडे, आणि त्यांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चा या सर्वांचा बदलण्याचा क्रम बराचसा ठरलेला असतो. शिवाय हात शरीरापासून लांब ठेवता येत असल्यामुळे किरणे नाजूक अवयवांवर पडत नाहीत. लहान मुलाच्या बोटाच्या हाडाला टोकाशी एक वेगळी चकती दिसते. ती आधी हाडाच्या दांड्यापेक्षा अरुंद असते, मग दांड्याएवढी रुंद होते, नंतर तिच्या कडा दांड्यावर टोपीसारख्या झुकतात आणि शेवटी ती दांड्याशी एकजीव होते. मधल्या बोटाच्या मधल्या पेरातली चकती यासाठी विशेष पाहिली जाते, कारण तिच्या कडा झुकू लागणे हे वाढीच्या कळसाच्या आसपासचे चिन्ह मानतात. अंगठ्याच्या बुडाशी सेसमॉइड नावाचे वाटाण्याएवढे हाड दिसू लागणे, हे कळस जवळ आल्याचे आणखी एक चिन्ह. या निरीक्षणांना वयानुसार लावलेल्या एक्स-रे चित्रांच्या संग्रहाचे रूप देण्याचे काम टॉड यांनी १९३७ मध्ये केले, आणि ग्रॉयलिख व पाइल यांचा १९५० मध्ये निघालेला, १९५९ मध्ये सुधारलेला संग्रह आजही जगभर वापरला जातो. पुढे फिशमन यांनी १९८२ मध्ये ऑर्थोडॉन्टिस्टांच्या सोयीसाठी पंजातल्या अकरा खुणांची क्रमवारी मांडली.

मानेच्या मणक्यांची पद्धत नंतरची. लॅम्पार्स्की यांनी १९७२ मध्ये मणक्यांचा आकार आणि हाडांचे वय यांचा संबंध दाखवला, आणि बाचेत्ती, फ्रँकी व मॅकनमारा यांनी २००५ मध्ये सुधारून दिलेली सहा टप्प्यांची मांडणी सध्या सर्वांत प्रचलित आहे. हिचा मोठा फायदा असा की, जबड्यांच्या मोजमापासाठी बाजूने काढलेला जो एक्स-रे लागतोच, त्यातच मानेचे दुसरा, तिसरा आणि चौथा हे मणके दिसतात, म्हणून वेगळा एक्स-रे काढावा लागत नाही. पहिल्या टप्प्यात या मणक्यांच्या खालच्या कडा सपाट असतात, तिसरा व चौथा मणका समलंब चौकोनासारखा दिसतो आणि वाढीचा कळस किमान दोन वर्षे दूर असतो. दुसऱ्या टप्प्यात फक्त दुसऱ्या मणक्याची खालची कड खोलगट होते, आणि कळस सुमारे वर्षभरावर असतो. तिसऱ्या टप्प्यात तिसऱ्या मणक्यालाही खोलगटपणा येतो, आणि कळस त्या टप्प्यानंतरच्या वर्षात अपेक्षित असतो. चौथ्या टप्प्यात तिन्ही मणके खोलगट आणि खालचे दोन आडव्या आयतासारखे दिसतात, म्हणजे कळस गेल्या एक-दोन वर्षांत येऊन गेला. पाचव्यात निदान एक मणका चौरस आणि सहाव्यात निदान एक उभ्या आयतासारखा होतो, तेव्हा मुख्य वाढ मागे पडलेली असते. तुमच्या मुलीचा टप्पा पहिला की दुसरा, हे पहिल्या डॉक्टरांनी सांगितले नसेल तर विचारून घ्यावे. या दोहोंतला फरक साधारण वर्षभराचा असल्यामुळे पुढची भेट किती लवकर हवी, हे त्या एका उत्तरावर ठरेल.

एवढे नेमके वर्णन वाचून ही पद्धत फार अचूक असेल असे वाटेल, पण तसे नाही, आणि इथे थोडे थांबून सांगायला हवे. कागदावर सहा टप्पे स्वच्छ वेगळे दिसतात, पण शरीर टप्प्याटप्प्याने नव्हे तर सलग बदलत असते, त्यामुळे बहुतेक मुले दोन टप्प्यांच्या मधे कुठेतरी असतात. कड ‘खोलगट’ आहे की ‘जराशी वळलेली’ आहे, आकार समलंब म्हणावा की आयत, यावर अनुभवी डोळ्यांचेही एकमत होत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑर्थोडॉन्टिस्टांना तेच ते एक्स-रे वाचायला दिले असता त्यांचे आपसांत एकमत निम्म्याहून कमी वेळा झाले, आणि काही आठवड्यांनी तेच चित्र पुन्हा दिल्यावर अनेकांचे स्वतःशीही जुळले नाही. इतर काही अभ्यासांत, विशेषतः प्रशिक्षण घेतलेल्या वाचकांमध्ये, निकाल याहून बरे आले, त्यामुळे पद्धत टाकाऊ ठरत नाही; पण एका एक्स-रेवरून ‘आज तिसरा टप्पा, म्हणून आजच सुरुवात’ इतक्या ठामपणे बोलण्याएवढी ती मजबूत नाही. मान पुढे वाकवून उभे राहिले किंवा गळ्याभोवती शिशाचे संरक्षक कवच असले तर तिसरा-चौथा मणका नीट दिसतच नाही, हेही लक्षात घ्यावे. पंजाच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ग्रॉयलिख आणि पाइल यांच्या संग्रहातली चित्रे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधील, मुख्यतः सुस्थितीतल्या गोऱ्या कुटुंबांतल्या आणि १९१७ ते १९४२ या काळात जन्मलेल्या मुलांची आहेत. आजच्या, वेगळ्या समाजातल्या मुलांना त्या मापाने मोजताना काही महिन्यांचा फरक सहज पडतो. मोठी अडचण अशी की, हात आणि मान दोन्ही जबड्याविषयी अप्रत्यक्षच साक्ष देतात. खालच्या जबड्याच्या सांध्याजवळची कूर्चा हातापायाच्या हाडांच्या कूर्चेपेक्षा वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्या वाढीचा कळस बहुतेक मुलांत उंचीच्या कळसाच्या सुमारास किंवा किंचित नंतर येत असला तरी प्रत्येक मुलात तो तसाच येईल, याची हमी नसते.

म्हणून माझे मत असे की, एका क्षणाच्या चित्रापेक्षा काही महिन्यांच्या नोंदीवर अधिक विसंबावे, आणि ती नोंद तुम्ही घरी ठेवू शकता. भिंतीला टाचा, पाठ आणि डोके टेकवून, बूट काढून, नजर सरळ ठेवून, डोक्यावर आडवे पुस्तक किंवा पट्टी धरून उंची मोजावी. दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळीच मोजावी, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची थोडी कमी भरते. तारीख आणि माप वहीत लिहावे. शाळेत किंवा बालरोगतज्ज्ञांकडे झालेल्या जुन्या नोंदी मिळाल्या तर त्याही वहीत घ्याव्यात. वयात येण्याआधी मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, आणि कळसाच्या काळात हा वेग मुलींमध्ये वर्षाला सुमारे आठ आणि मुलांमध्ये नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत जातो. मागच्या तीन महिन्यांत दीड सेंटीमीटर आणि या तीन महिन्यांत दोन, असा चढ वहीत दिसू लागला की तो कोणत्याही एक्स-रेइतकाच महत्त्वाचा पुरावा समजावा. पाळीविषयी तुम्ही लिहिले ते चांगले केले. पहिली पाळी बहुधा उंचीचा कळस होऊन गेल्यानंतर, साधारण वर्षभराच्या आसपास येते. म्हणून ती आली नसेल तर वेळ अजून हातात असण्याची शक्यता मोठी असते. पण ‘पाळी येईल तेव्हा पाहू’ असे ठरवणे चुकीचे ठरेल, कारण तोपर्यंत वाढीचा सर्वांत उपयोगी भाग मागे पडलेला असू शकतो. स्तनांची वाढ सुरू होणे हे त्याआधीचे चिन्ह आहे, आणि ते दिसले असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ऑर्थोडॉन्टिस्टांना असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो आणि पालकांना सांगायला, आणि त्यात एक उपयोगी माहिती कोणाच्याच हाती लागत नाही.

जोराचा काळ सुरू झाल्यावर काय करतात, तेही सांगते, नाहीतर या वाट पाहण्याचा हेतू समजणार नाही. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांना खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण देतात. ट्विन ब्लॉक हे त्यातले बरेच वापरले जाणारे, काढता-घालता येणारे. हर्बस्ट हे दातांना पक्के बसवलेले. मानेच्या मणक्यांचा तिसरा टप्पा चालू असताना किंवा तो संपताना हे उपकरण सुरू केले तर जबड्याच्या वाढीचा लाभ अधिक मिळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. दात पुढे असण्याचे अंतर या उपकरणांनी खरोखरच कमी होते, पण त्यातला मोठा वाटा वरचे दात मागे आणि खालचे दात पुढे झुकण्याचा असतो, आणि जबड्याच्या हाडाने दिलेला भाग काही मिलिमीटरांच्या आत राहतो. उपकरण दिवसाचे बहुतेक तास तोंडात राहिले तरच काम करते, त्यामुळे साडेअकराव्या वर्षी नाखुशीने घातलेल्या उपकरणापेक्षा बाराव्या वर्षी समजून-उमजून घातलेले उपकरण अधिक देऊन जाते. टप्प्याच्या चर्चेत मुलीची तयारी हा मुद्दा फार वेळा मागे पडतो, म्हणून मी तो मुद्दाम लिहिते आहे.

मग दुसऱ्या डॉक्टरांची घाई चुकीची का? सरसकट तसे म्हणता येणार नाही. लवकर सुरुवात करून दोन भागांत केलेला उपचार आणि वयात येताना एकदाच सलग केलेला उपचार यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र पाहिल्या असता, शेवटी जबड्यांच्या नात्यात किंवा दातांच्या जुळणीत लक्षणीय फरक आढळला नाही. एक फायदा मात्र लवकरच्या उपचारात दिसला: पुढे आलेल्या वरच्या दातांना मार लागून ते तुटण्याचे प्रमाण घटले. तुमच्या मुलीचे ओठ मिटल्यावरही वरचे दात उघडे राहत असतील, ती धावण्या-पडण्याचे खेळ खेळत असेल किंवा तिच्या दाताला आधी मार लागलेला असेल, तर लवकर सुरुवातीचे कारण खरे आहे आणि त्यासाठी वाढीच्या टप्प्याची वाट पाहण्याची गरज नाही. दातांवरून शाळेत फार चिडवत असतील आणि त्याचा तिला त्रास होत असेल, तर तेही पुरेसे कारण मानावे. यांपैकी काहीच नसेल, तर खेळताना तोंडात बसवायचे माऊथगार्ड वापरून थांबणे शहाणपणाचे आहे. ‘वेळ निघून जाईल’ या शब्दांनी घाबरून जाऊ नये. वेळ निघून गेली तरी सारे संपत नाही; कळसानंतरही काही वाढ उरलेली असते, आणि दोष फार मोठा नसेल तर तारांनी दातांची मांडणी बदलून चांगला निकाल मिळतो. मात्र दोष मोठा असेल आणि वाढीचा काळ हुकला, तर पुढे दात काढणे किंवा शस्त्रक्रिया यांसारख्या पर्यायांचा विचार करावा लागू शकतो, हेही खरे आहे.

याच भेटीत आणखी एक तपासणी करून घ्यावी. वरचा जबडा अरुंद आहे का, हे पाहायला सांगावे. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांमध्ये ही अडचण बरेचदा सोबत असते, आणि तिचे वेळापत्रक वेगळे आहे. टाळूच्या मधोमध जाणारी हाडांची शिवण लहानपणी सैल असते आणि वयात येताना हळूहळू गुंफली जाते, म्हणून टाळू रुंद करणारे उपकरण वाढीच्या कळसाच्या आधी सहज काम करते आणि नंतर दिवसेंदिवस कठीण होत जाते. तुमच्या मुलीला त्याची गरज निघाली तर तिथे थांबण्याचा सल्ला लागू होत नाही. या शिवणीचे टप्पे त्रिमितीय स्कॅनवर पाहण्याची एक पद्धत २०१३ मध्ये मांडली गेली आहे, पण साडेअकरा वर्षांच्या मुलीसाठी केवळ तेवढ्यासाठी असा स्कॅन काढण्याचे कारण मला दिसत नाही.

एक्स-रेच्या किरणांची तुम्हाला धास्ती असेल तर प्रमाण सांगते. चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या डिजिटल एक्स-रेतून शरीराला काही मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, आणि पंजाच्या एक्स-रेतून त्याहूनही कमी. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणून भीतीने आवश्यक एक्स-रे टाळू नये, आणि प्रमाण कमी आहे म्हणून अनावश्यक एक्स-रेही काढू नये. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: ‘यात अमुक दिसले तर तुम्ही काय कराल, आणि तमुक दिसले तर काय वेगळे कराल?’ दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तो एक्स-रे आज नको. मणके अस्पष्ट आले असतील किंवा मणक्यांवरचा अंदाज आणि उंचीची नोंद एकमेकांशी जुळत नसेल, तर पंजाचा एक्स-रे काढणे मात्र रास्त आहे.

आता तुमच्या मुलाविषयी. खालचा जबडा पुढे असण्याच्या दोषात वाढ ही मदतनीस नसून बहुतेक वेळा अडचण असते. वरचा जबडा मागे राहिलेला असेल तर त्याला पुढे ओढणारा फेसमास्क साधारण दहा वर्षांच्या आत सर्वांत परिणामकारक ठरतो, आणि चौदाव्या वर्षी तो काळ बहुधा मागे पडलेला असतो. चेहऱ्याच्या हाडांमध्ये खालचा जबडा सर्वांत शेवटपर्यंत वाढतो, आणि मुलांमध्ये ही वाढ किशोरवयाच्या अखेरीपर्यंत, कधी त्यानंतरही, हळूहळू चालू राहते. आज तारा लावून वरचे-खालचे दात कसेबसे जुळवले आणि पुढच्या तीन वर्षांत जबडा आणखी पुढे गेला, तर सगळी जुळणी मोडते. शिवाय पुढे शस्त्रक्रिया करायची ठरलीच तर आधी एका दिशेने झुकवलेले दात पुन्हा उलट दिशेने न्यावे लागतात. म्हणून त्याला मिळालेला सल्ला दुर्लक्षातून आलेला नाही. त्यातही अपवाद आहेत: एखादा दात उलटा चावून हिरडी खाली सरकत असेल किंवा दात झिजत असेल, तर तेवढ्यापुरता छोटा उपचार आत्ताच करावा. दोष सौम्य असेल तर पुढे शस्त्रक्रियेविना तारांनीच भागू शकेल, पण तो निर्णय आज घेता येत नाही.

त्याच्या बाबतीत अठरा-एकोणीस हा आकडाही अंदाजच आहे. जबड्याची वाढ थांबली की नाही, हे मानेच्या किंवा हाताच्या एका एक्स-रेवरून ठरवू नये. मणक्यांचा सहावा टप्पा आला म्हणजे खालचा जबडा थांबलाच, असे होत नाही. बाजूने काढलेले दोन एक्स-रे, किमान वर्षभराच्या अंतराने घेऊन, कवटीच्या तळाची हाडे जुळवून एकावर एक ठेवतात. त्यांत जबडा हललेला दिसला नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार सुरू करतात. त्याची वाढ वयाच्या मानाने खूपच मागे आहे, चौदाव्या वर्षीही वयात येण्याची कसलीच खूण नाही, असे असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलींसाठी हीच मर्यादा तेरा वर्षांची मानतात. उलट, विशी ओलांडल्यावरही जबडा वाढत राहिला आणि त्याबरोबर बुटाचे किंवा अंगठीचे माप बदलू लागले, तर संप्रेरकांची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते; हे क्वचित घडते, पण ते आधी ऑर्थोडॉन्टिस्टांच्याच लक्षात येण्याची शक्यता असते.

तोपर्यंत त्याच्यासाठी करण्यासारखे काम थोडे पण नियमित आहे. त्याचा बाजूने काढलेला आजचा एक्स-रे मूळ डिजिटल फाइलच्या रूपात मागून घ्यावा, कागदावरच्या छपाईवर समाधान मानू नये. पुढचे एक्स-रे शक्यतो त्याच यंत्रावर काढावेत, कारण यंत्र बदलले की चित्र किती मोठे उमटते तेही बदलते आणि तुलना बिघडते. उंची मोजताना बहिणीबरोबर त्याचीही मोजावी आणि त्याच वहीत लिहावी, आणि वर्षातून एकदा ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे. मुलीच्या बाबतीत वहीत वेगाचा चढ दिसला किंवा ठरलेल्या भेटीच्या आधीच पाळी सुरू झाली, तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात पहिल्या डॉक्टरांना कळवावे.